हळदीची सहावी रेघ

वाचकांच्या अगम्य अनुभवांचं हे सदर माझी बायको वाचते. मी फक्त टिंगल करतो. कोणाला पिंपळाखाली बाई दिसली की मी म्हणायचो — झोप कमी, ॲसिडिटी जास्त. आज मीच लिहायला बसलोय म्हणून ती स्वयंपाकघरातून हसतेय... हसू दे. माझ्या अनुभवात पिंपळ नाही, अमावस्या नाही. सकाळचे साडेनऊ, पनवेलमधलं एक ऑपरेशन थिएटर आणि डोक्यावर लख्ख दिवा.

मी सर्जन आहे. कान, मान, चेहरा हे माझं काम. वीस वर्षं चेहरे उघडतोय, तरी मन भरत नाही. आत्ता एक करा — तळहात कानाच्या पाळीखाली टेकवा आणि पाच बोटं पसरा. तुमची फेशियल नर्व्ह, म्हणजे चेहरा हलवणारी नस, साधारण अशीच जाते. कानाखालून एक दोरा निघतो, लाळेच्या ग्रंथीत शिरतो आणि तिथे त्याच्या पाच फांद्या होतात — कपाळ, डोळा, गाल, हनुवटी, मान. आठी घालणं, डोळा मारणं, नाक मुरडणं, सगळं त्यावर. पाहुणे आल्यावर आणलेलं खोटं हसूसुद्धा! काय कारागिरी आहे, देवा... (मी देव मानत नाही. तोंडातून येतं.)

माझी पेशंट योगिता रोडपाली गावची, तिशीतली. डाव्या कानाखाली सुपारीएवढी गाठ. गाठ साधी, पण बसली होती नेमकी या फांद्यांवर. चुकीचा धागा कापला की अर्धं तोंड लुळं. सोबत तिची सासू ठमाबाय, सत्तरी ओलांडलेली. ठमाबाय धवलारीण — आगरी लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी बाई. तिचा गळा आता दमला होता, आणि सगळे धवले शिकलेली एकटी योगिताच होती.

"डाक्टर, हिचा तोंड वाकरा झाला त माज्या मागारी गानार कोन?" ठमाबाय म्हणाली. "ओठ मिटला नाय त सबुद कसा निंगल?"

पूर्ण काळजी घेऊ, म्हणालो. आम्ही तेवढंच म्हणू शकतो.

ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डात गेलो तर योगिताचा डावा गाल पिवळा! ओल्या हळदीच्या रेघा. माझं डोकंच सटकलं.

"सिस्टर, हा काय लग्नमंडप आहे? कोणी लावली ही हळद?"

"मी लावली," ठमाबाय शांतपणे म्हणाली. तेवढ्यात माझ्या हातातलं, चीर आखायचं मार्कर पेन तिला दिसलं. "तुमी पेनानं लिवता ता चालता, नी मी हलदीनं लिवला ता नाय चालत?"

योगिता हसली. मी नाही हसलो. पण रेकॉर्डसाठी चेहऱ्याचा फोटो काढायचा होता, तो काढला, तेव्हा नीट पाहिलं. कानाखालून पाच रेघा पसरलेल्या — पुस्तकातल्या आकृतीसारख्या. म्हटलं, हाताला बोटं पाचच, त्यात काय एवढं. फक्त तिसऱ्या रेघेपासून एक सहावी निघाली होती आणि कमानीसारखी वळून चौथीला मिळाली होती. म्हातारीचं बोट घसरलं असणार. सिस्टरने घासून घासून गाल साफ केला.

साडेनऊला सुरुवात केली. गालाची कातडी उचलली, मुख्य दोरा सापडला, एकेक फांदी मोकळी करत पुढे गेलो. सगळं सुरळीत. गाठीच्या पुढच्या कडेला एक पांढुरका, केसापेक्षा थोडा जाड तंतू आडवा होता. तिथे फांदी असायचं काही कारण नव्हतं. असे चिकटलेले तंतू आम्ही रोज कापतो. मी कात्री उघडली, दोन पाती त्याच्या दोन बाजूंना... आणि मान वर केली.

का केली, माहीत नाही. समोर स्क्रीनवर स्कॅनशेजारी सकाळचा तो फोटो होता.

"सिस्टर, फोटो मोठा करा."

ती सहावी रेघ. तिसरीपासून निघून, वळून, चौथीकडे. मी खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. कात्री ठेवली आणि नस तपासायचं यंत्र मागितलं. त्याचं टोक तंतूला हलकेच लावलं.

योगिताच्या ओठाचा डावा कोपरा टुणकन उडाला.

भूल देणारे आमचे मित्र हळूच म्हणाले, "साहेब, हसली ती."

त्या एका तंतूभोवतीची गाठ सोडवायला मला पाऊण तास लागला.

योगिता शुद्धीवर आल्यावर मी म्हणालो, "डोळे मिटा. गाल फुगवा. दात दाखवा." दोन्ही बाजू सारख्या! पण ठमाबायला माझी परीक्षा पुरेशी नव्हती. तिने सुनेच्या कानाशी वाकून सांगितलं, "धवल्याची पयली वल म्हन गो बाय." भुलीच्या नळीने घसा बसलेला, आवाज कसला फुटतोय... पण ओठ मिटले, उघडले, मिटले. म्हातारी नुसती ओठांकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. माझ्याही. सांगायला लाज कसली?

टाके निघाल्यावर महिनाभराने त्यांनी मला रोडपालीला एका हळदीला बोलावलं. मी ठमाबायला कोपऱ्यात गाठून विचारलं, "ती रेघ कशी काढलीत? ती नस हाताला लागत नाही. स्कॅनमध्येसुद्धा दिसत नाही. प्रत्येक माणसाचं जाळं वेगळं असतं..."

"मला काय म्हाईत? हात जिकरं वलला तिकरं वललू."

"सगळ्यांना अशीच लावता?"

"सगल्यांचा तोंड येकच हाय काय?" असं म्हणून तिने वाटीत बोटं बुडवली आणि काही कळायच्या आत माझा गाल रंगवला. आरशात पाहिलं — पाच सरळ रेघा. सहावी नाही. खरं खोटं कोण करणार? त्यासाठी कोणीतरी माझा चेहरा उघडायला हवा, आणि तेवढा हौशी मी नाही.

सहकाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, योगायोग. असेल. साठ वर्षं नवऱ्यामुलींच्या गालांवर हात फिरवून बोटांना काही कळत असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. पण आडवी लपलेली नस कळेल? आता पेशंटच्या गालावर हळद दिसली तर ओरडत नाही, आधी फोटो काढतो. एवढाच फरक पडलाय.

त्या दिवशी मांडवात ठमाबायने धवला सुरू केला आणि दुसऱ्या कडव्याला तिचा गळा अडकला. सगळ्या बाया थांबल्या. योगिताने तिच्या हातातली हळदीची वाटी घेतली आणि पुढचं कडवं एकटीने उचललं — खणखणीत, शब्द न् शब्द स्पष्ट. मांडव सगळा नवरीकडे बघत होता. मी तेवढा योगिताच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत बसलो होतो. त्या कोपऱ्याच्या धाग्याला माझी कात्री जवळजवळ लागलीच होती.