सुरूची खूण
सुरूच्या पाल्याचा धूर नाकात गेला की मला श्रीवर्धनचा किनारा आठवतो. स्वातंत्र्यानंतरच्या एका वादळात आमच्या होडीची डोलकाठी मोडली, तेव्हा आई नको म्हणत असताना बाबांनी किनाऱ्यावर उरलेला एकमेव उंच सुरू तोडला. नव्या काठीवर शीड चढवून आम्ही मासेमारीला गेलो, पण परतताना खडकांमधली वाट सापडेना. "सुरू कुठं हाय रं? त्याच्या रोखानंच शिरायचं ना!" बाबा ओरडले. मी नुसतं वर, डोलकाठीकडे बोट केलं. इतक्यात किनाऱ्यावर धूर उठला. आईने त्या बुंध्यापाशी उरलेल्या फांद्या पेटवल्या होत्या. तिथेच बाबांनी लावलेलं रोप आता माडांच्याही वर गेलंय, आणि कुणी कुऱ्हाड घेऊन आला की मी त्याला आधी होडीत बसवून समुद्रातून किनारा दाखवतो.