मशीनमध्ये न येणारे परकर

आमच्या घरात कपडे धुण्याचं काम माझ्याकडे आहे. बायको ठाण्याला ऑफिसात जाते, सकाळी सातलाच निघते. माझी राहनाळच्या गोडाऊनमधली शिफ्ट दुपारी दोनला लागते. त्यामुळे सकाळी मोरीजवळ कपड्यांचा ढीग टाकून मी बसतो. खिसे तपासायचे, पांढरे वेगळे, रंग जाणारे वेगळे. गोडाऊनचे माझे शर्ट पुठ्ठ्याच्या भुशाने भरलेले असतात, ते आधी अंगणात झटकायचे. मुलीच्या युनिफॉर्मची कॉलर साबणाने घासून मगच मशीनमध्ये टाकायची.

पहिल्यांदा आईला हे बघवत नसे. बाप्या माणूस बायकांचे कपडे निवडतो म्हणून ती तोंड फिरवून बसायची. पुढे सवय झाली. तिची साडी, ब्लाऊज ती स्वतः आणून ढिगावर ठेवू लागली. परकर मात्र कधी आला नाही. तिला लाज वाटत असेल, हाताने धूत असेल, असं मी धरून चाललो.

गणपतीच्या आठवड्यात मशीनचा पाईप तुंबला आणि मोरीत पाणी पसरलं. आई बाजारात गेली होती. मी मशीन पुढे ओढली, तर मागे भिंतीच्या फटीत एक बादली होती. वर ताट झाकलेलं.

ताट उचललं. आत परकर भिजत घातलेला, पाणी तांबडं. मला वाटलं, कशाचा तरी रंग लागला. लाल ओढणीबरोबर भिजवला असेल, असं म्हणत मी तो वर उचलला. मग डाग दिसला, आणि वासही आला. मी तिथेच, ओल्या फरशीवर बसलो. आईने बासष्टी ओलांडली होती. काय बघितलं ते मला कळत होतं आणि डोकं ते मानायला तयार नव्हतं. मी ताट पुन्हा बादलीवर ठेवलं. का ठेवलं, ते आजही सांगता येत नाही.

आई आली ती दारातूनच बोलली, "मशीन कोनी सरकवली?"

"मीच. पाईप तुंबला होता."

तिने बादलीकडे पाहिलं. हातातली पिशवी खाली ठेवली.

"आये, हे काय हाय?"

"काय न्हाय. तू बाहेर जा."

"कधीपासून चाललंय?"

ती बादली उचलायला वाकली. मी जागचा हललो नाही. शेवटी म्हणाली, "होलीच्या आधीपासून."

होळी ते गणपती. मी मनात महिने मोजले आणि माझा आवाज चढला. "अगं, मला नाही तर सुनेला तरी सांगायचं!"

"सांगून काय व्हनार? माझी आय अशीच गेली."

आजी काविळीने गेली, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. मी तसं म्हणालो.

"लोकांना काविल सांगितली. बायांचा रोग कोन सांगल?" ती अगदी शांतपणे बोलत होती. "मना पहिल्या दिवशीच कललं. म्हटलं, माझी बारी आली."

परकराने बसला नव्हता एवढा धक्का मला या वाक्याने बसला. ही बाई सहा महिने माझ्यासमोर भाकऱ्या थापत होती, नातीची वेणी घालत होती, आणि रोज पहाटे आम्ही उठायच्या आत आपलं मरण धुऊन वाळत घालत होती. आणि मी तिच्याच साड्या मोजून मशीनमध्ये टाकत होतो.

बायकोला फोन केला. "आईला रक्त..." एवढंच बोललो. ती म्हणाली, "त्यांना तयार करून ठाण्याला घेऊन ये. मी दवाखान्यात येऊन थांबते."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसाला किती परकर बदलावे लागतात?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी उठून बाहेर गेलो. बाकावर बसून राहिलो. थोड्या वेळाने बायकोने आत बोलावलं. बाई म्हणाल्या, "पाळी थांबल्यावर एकदा जरी लाल दिसलं तरी यायचं असतं. तुम्ही सहा महिने घालवलेत."

तपासण्या झाल्या. गर्भाशयाचा कॅन्सर निघाला, पण बाहेर पसरला नव्हता. ऑपरेशन करून पिशवी काढली. बाई म्हणाल्या, तरी वेळेत आणलंत. आईने मला दोनदा विचारलं, "वेलेत म्हंजे? म्हंजे मी मरत न्हाय?" नाही म्हटल्यावर ती चिडल्यासारखी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला ते खरंच वाटेना.

घरी आणायच्या दिवशी आई आणि बायको रिक्षात मागे बसल्या, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. कशेळीच्या पुलावर कंटेनरांच्या रांगेत अडकलो. आई म्हणाली, कोन गावातल्या मावशीला फोन लाव. हॉर्नच्या गोंगाटात ती ओरडून बोलू लागली. पाळीचं, रक्ताचं, आपल्या आयच्या मरणाचं, सगळं. ड्रायव्हर समोर बघत राहिला, मीही. माझे कान तापले होते.

मध्येच आईचा आवाज बंद झाला. वळून पाहिलं तर ती फोन कानाला घट्ट लावून ऐकत होती आणि तिचा चेहरा पडला होता.

"तुना पन?" ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "रिक्षा कोनला घे."

"आये, तुझे टाके..."

"घे म्हन्ते ना."

बायकोने कशीबशी समजूत घालून तिला घरी उतरवलं आणि तीच त्या रिक्षाने पुढे कोनला गेली. दुसऱ्या दिवशी मावशीला त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिच्या पिशवीत साधी गाठ निघाली, औषधाने भागलं. मावशीने आपलं रक्त जाणं आईपासून दोन वर्षं लपवलं होतं.