कॅरियरवरची पेटी

मी कात्रपला राहते आणि अंबरनाथला कुरियरची पार्सलं पोचवते. आठवड्यातले सहा दिवस स्कूटर, पाठीला भलीमोठी बॅग आणि कानाला फोन. गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी मी स्कूटरला हात लावत नाही. नवऱ्याची जुनी सायकल काढते आणि आठवडाभर साचलेली घरची कामं उरकते. नवरा म्हणतो, "सुट्टीच्या दिवशी तरी बस की घरात." पण दिवसभर घरात बसलं की माझेच पाय दुखतात. आणि सायकलवर असताना कोणी फोन करून "कुठे पोचलात?" असं विचारत नाही, हेही एक सुख आहे.

गेल्या थंडीतल्या एका गुरुवारी सासूबाईंची पेटी आणायची होती. पेटी मूळची सासऱ्यांची. ते गेल्यावर ती कपाटावर चादरीत गुंडाळून पडली होती. सासूबाई विहारात वंदनेला पुढे बसून गातात, गळा चांगला आहे, पण पेटीला कधी हात लावला नव्हता. मग एके दिवशी त्यांनी ती स्वतःच खाली काढली आणि मोबाइलवर बघून शिकायला लागल्या. एक पट्टी मात्र बोट उचललं तरी वाजतच राहायची आणि भाता फाटला होता. नवऱ्याने ती रिक्षात घालून उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये दुरुस्तीला दिली. आणायचं काम माझ्याकडे आलं.

मी निघताना सासूबाई दारात आल्या. "येताना रिक्षा कर. पेटी म्हणजे काय पार्सल नाही."

"आई, पार्सलापेक्षा नीट आणते."

"तू सायकलवरून आणणार. मला माहितीये," त्या म्हणाल्या, आणि आतून एक जुनी गोधडी आणून कॅरियरवर ठेवली.

आधी बेलवलीला नणंदेकडे गेले, तिचा कुकर पोचवला. तिने पोहे केले होते, ते खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. मग अंबरनाथवरून सरळ उल्हासनगर. रोजच्या रस्त्यावर पार्सल नसलं की वेगळंच वाटतं. ज्या बिल्डिंगी मी फक्त मजल्यांच्या नंबरांनी ओळखते, त्यांच्या बाल्कन्यांत काय काय वाळत घातलंय ते दिसत होतं.

पेटीवाले सिंधी काका म्हातारे, दुकान एवढंसं. माझ्या पुढ्यात पेटी ठेवून म्हणाले, "बेटा, आवाज सुनके ले जा. बाद में मत बोलना."

"अंकल, मला वाजवता येत नाही. सासू वाजवते."

"तो मैं बजाता हूँ, तू सुन."

त्यांनी डोळे मिटून झुलेलालचं एक भजन वाजवलं. शेजारचा कापडवाला गिऱ्हाईक सोडून दारात येऊन उभा राहिला. मला सुरातलं काही कळत नाही, पण आता एकही पट्टी उगाच वाजत नव्हती एवढं कळलं. पुढच्या बाजूची कडी जरा सैल आहे, ती नंतर बदलू, असं काका म्हणाले. मी हो म्हटलं आणि विसरून गेले. पेटी गोधडीत गुंडाळून सायकलच्या जुन्या ट्यूबने कॅरियरवर करकचून बांधली.

अंबरनाथमध्ये शिरल्यावर पहिल्याच स्पीडब्रेकरला ती कडी सुटली. भाता उघडला आणि माझ्या पाठीमागून मोठा सुस्कारा आला. पुढच्या खड्ड्याला परत. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. एक भाजीवाली म्हणाली, "ताई, सायकल रडतीये तुमची." मला हसू आवरेना, त्यात तोल गेला आणि मी एका सोसायटीच्या गेटपाशी पाय टेकवून उभी राहिले.

गेटपाशी एक काका शाल पांघरून उन्हात बसले होते. मी त्यांना लगेच ओळखलं. दुसरा मजला, डावीकडचं दार. एका कारखान्यातले रिटायर्ड ऑफिसर. आठवड्यातून एकदा तरी त्यांचं पार्सल असतं, बहुतेक औषधं. दार वीतभर उघडतात, ओटीपी सांगतात, "ठेवा तिथे" म्हणतात आणि दार लावतात. त्यांनी मला ओळखलं नाही.

"पेटी आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो काका. कडी सुटली."

ते उठून आले, सायकल धरली, म्हणाले, "तुम्ही ट्यूब सोडा. मी धरतो." मी गोधडी सोडली. त्यांनी भाता दाबून धरला, मी माझी ओढणी भात्याभोवती घट्ट गुंडाळली. तेवढ्यात त्यांनी हळूच एक पट्टी दाबून पाहिली.

"कोण वाजवतं?"

"सासूबाई. विहारात वंदनेला, आणि भीमगीतं."

"या वयात शिकल्या?"

"आत्ताच. मोबाइलवर बघून."

त्यांनी तीच पट्टी परत दाबली. मग म्हणाले, "आमच्याकडे होती पेटी. बायको वाजवायची. ती गेल्यावर मी देऊन टाकली. कशाला ठेवायची म्हटलं." पट्टीवरून त्यांनी बोट काढलं. "ठेवायला हवी होती."

मी पेटी परत गोधडीत गुंडाळून बांधली. मी म्हटलं, "काका, मी तुमच्याकडे पार्सल घेऊन येते. कुरियरचं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हेल्मेट असतं ना तुमच्या डोक्यावर. चेहरा कधी बघितलाच नाही." मग वॉचमनला हाक मारून पाणी मागवलं. मी पाणी प्यायले आणि ते रस्त्याच्या वळणापर्यंत पेटीला हात लावून सोबत चालत आले.

त्यानंतर त्यांचं दार पूर्ण उघडतं. कधी कधी मला उशीर होतो, पण मी दोन मिनिटं थांबते.

कात्रपला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. सासूबाई बिल्डिंगखालीच उभ्या होत्या, किती वेळ ते त्यांनी सांगितलं नाही. ओढणी बघून म्हणाल्या, "हे काय गुंडाळलंयस?" मी सगळं सांगितलं. त्यांनी अर्धंच ऐकलं, लक्ष पेटीकडे होतं.

वर येऊन त्यांनी चटई टाकली, पेटी पुसली आणि बसल्या. एक ओळ वाजवायच्या, चुकायच्या, परत पहिल्यापासून सुरू करायच्या. नवरा कंपनीतून आला, त्याने माझ्याकडे बघितलं, मी ओठांवर बोट ठेवलं. तो गुपचूप चहा करायला गेला. मी भिंतीला टेकून पाय पसरले. चहा होईपर्यंत ती ओळ शेवटपर्यंत आली होती, आणि सासूबाई वर न बघताच म्हणाल्या, "साखर कमी घाल रे."