चमच्यामागची घंटा

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. नागपुरात शिकताना एका जुन्या सामानाच्या दुकानात काम करून पोट भरलं. तिथल्या मालकांनी मला भांड्यांमागचे शिक्के वाचायला शिकवलं. चालता सिंह दिसला तर विलायती चांदी. चार चौकटींत ई, पी, एन, एस अशी अक्षरं असतील तर आत जर्मन सिल्व्हर नावाचा पिवळट, हलका धातू, वर नुसता चांदीचा मुलामा. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

पुढे चांदा जिल्ह्यात कारकून झालो, तेव्हा ही विद्या एकदा कामी आली. एटापल्लीच्या वाटेवरच्या एका विश्रामबंगल्यात नोंदवहीप्रमाणे चांदीचे बारा चमचे होते. आमच्या साहेबांना ते पिवळट दिसले. म्हाताऱ्या खानसाम्याने खरे विकून खोटे ठेवले, असा त्यांना संशय आला. तसं ठरलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. तपासायला मला पाठवलं.

खानसाम्याने चमचे जेवणाच्या टेबलावर मांडले. बंगल्यात कित्येक वर्षं कोणी उतरलं नव्हतं, तरी टेबलावर धूळ नव्हती. चमचे तो रोज राखेने घासायचा, आपण पितळ घासतो तसे. मुलामा त्यानेच उडवला होता. मागचे शिक्के मात्र स्पष्ट होते: ती चार अक्षरं आणि कारखान्याची खूण, एक इवलीशी घंटा. तशीच घंटा बंगल्यातल्या मोठ्या चहादाणीच्या बुडाशी होती, आणि त्या चहादाणीबद्दल कोणालाच शंका नव्हती. म्हणजे संच मूळचाच. नोंदवहीत ‘चांदी’ लिहिणारा चुकला होता.

शिक्के कसे टिकले, ते मी विचारलं. घासताना तो त्यांच्यावर अंगठा दाबून धरायचा. खूण पुसली की मालक विचारायला येतो, असं तो मानायचा.

बारावा चमचा मात्र मागून गुळगुळीत होता. खानसाम्याला हे माहीत नव्हतं तेव्हा, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, त्या चमच्याची खूण घासून गेली होती. मी भिंग लावलं. बाकी अकरांच्या कडा सारख्या होत्या. याची टोकाजवळची डावी कड तेवढी झिजून पातळ झाली होती, उजव्या हाताने रोज जेवणाऱ्याच्या चमच्याची होते तशी.

“भाऊ, तुम्ही जेवता का याने?”

“मी हातानं जेवतो, बाबू. हा फक्त मांडतो. नाई मांडला तं खुर्ची सरकते.”

दूध उतू जातं, हे सांगावं तितक्या साधेपणाने तो म्हणाला.

मी चमचे हातावर तोलले. घडण तीच, वजन तेच. लिहिलं: बाराही मूळचे, एकाची खूण घासून गेलेली. कडेबद्दल काही लिहिलं नाही. त्याला वाचून दाखवलं, तेव्हा त्याने डोळे पुसले आणि माझे हात धरले. नोकरी राहिली होती.

मग त्याने अकरा चमचे कपाटात ठेवले. टेबलावर एक रिकामं ताट ठेवून बारावा त्याच्या उजवीकडे मांडला. बाहेर लख्ख दुपार होती.

“जेवणाची वेळ होऊन राह्यली. पाहाचं असन तं थांबा.”

गाडी चुकेल असं सांगून मी निघालो. गाडी संध्याकाळची होती. तोवर मी मोहाच्या झाडाखाली, बंगल्याकडे पाठ करून बसून राहिलो.