सुहासने शोधलेला बिघाड

सुहासच्या हाताला गुण होता, तोंडाला नव्हता. महाडात घरोघरी इंटरनेट यायला लागलं त्या वर्षांत माझ्या झेरॉक्सच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात त्याचं टेबल असायचं. मूळचा वरंधचा, आयटीआय झालेला. कारखान्यातली नोकरी त्याने साहेबाला सगळ्यांदेखत "चूक तुमचीच हाय" असं ऐकवून घालवली होती, आणि तो किस्सा तो बक्षीस मिळाल्यासारखा सांगायचा. दुरुस्ती झाली की गपगुमान उठावं, तर नाही. बिघाड कोणामुळे झाला हे त्या माणसाला तोंडावर सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. लोक चरफडायचे आणि पुन्हा त्यालाच बोलवायचे, कारण त्याने जोडलेली लाइन सहसा तुटत नसे.

नुरजहाँचाची आमच्या मागच्या गल्लीत राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नौमान कुवेतला, धाकटी नबीला कॉलेजात. दर शुक्रवारी दुपारी नौमान कॉम्प्युटरवर दिसायचा. चाची सकाळपासून तयारीला लागायची. ठेवणीतली साडी नेसायची, तांदळाची वाफवलेली गोड सांदणं करायची आणि ताट कॅमेऱ्यासमोर धरून त्याला दाखवायची. जरा कुठे बोलणं रंगात येतंय तोवर चित्र गायब. नबीला म्हणायची, "नेट गेलं, अम्मी." मग पुढचा शुक्रवार येईपर्यंत चाची त्या डब्याच्या नावाने बोटं मोडायची.

डबा म्हणजे राउटर. तो नौमाननेच पाठवला होता, आणि आखातातून आलेली वस्तू आमच्याकडे वापरायची नसते, मांडायची असते. त्यामुळे राउटर शोकेसमध्ये, काचेच्या बंद दारामागे, परदेशी कपबशांच्या शेजारी, वर क्रोशाचं झाकण. मोडेम मात्र माळ्यावर. दोन हजार पाचच्या पुरात फोन बुडाल्यापासून महाडकरांनी जे उचलता येईल ते वर नेऊन ठेवलं होतं. दोघांमधली वायर जिन्यावरून खाली यायची. ती मध्येच तुटली होती आणि गल्लीतल्या वायरमनने ती दिव्याची वायर जोडतात तशी पीळ देऊन, काळी पट्टी गुंडाळून जोडली होती.

चाचीने बोलावल्यावर सुहासने ते पाहिलं आणि त्याला आयतंच कोलीत मिळालं. पोराने डबा बोलायला पाठवलाय, सजवायला नाय, असं त्याने चाचीला सुनावलं. राउटर शोकेसबाहेर काढला, झाकण काढून टाकलं, वायर अखंड नवी घातली. पुढच्या शुक्रवारी बोलणं पुन्हा तुटलं. चाचीने पुन्हा बोलावलं. त्याने दोन्ही टोकांच्या पिना बदलल्या, तरी तेच. आता प्रश्न त्याच्या इभ्रतीचा झाला. म्हणून त्याच्या पुढच्या शुक्रवारी तो स्वतःच कॅमेऱ्याच्या आड खुर्ची टाकून बसला. लाइन चालू आहे की नाही ते सतत दाखवणारी एक खिडकी त्याने पडद्याच्या कोपऱ्यात उघडून ठेवली होती.

नौमान दिसला. चाचीने गुडघ्याचं सांगितलं, दारातल्या आंब्याचं सांगितलं. नौमान मध्येच बाजूला बघायला लागला. आवाज तुटतोय, म्हणाला, आणि गेला. कोपऱ्यातल्या खिडकीत मात्र ओळी एकामागून एक नीट येत होत्या. पडद्यावर इंग्रजीत लिहून आलं होतं की समोरच्याने बोलणं संपवलं. चाचीला इंग्रजी येत नव्हतं. नबीलाला येत होतं. ती दर शुक्रवारी ते वाचायची आणि आईला नेट गेल्याचं सांगायची. तिने सुहासकडे बघून हळूच मान हलवली, सांगू नकोस म्हणून. त्याला ते कळलं. कळूनही तो बोलला, हे मी त्याला कधीच माफ केलं नाही.

"चाची, लाइन बरी हाय," तो म्हणाला. "तुमचा नौमानच तोडतो. नबीलाला इचारा, तिला ठाऊक हाय."

चाची रडली नाही. तिने त्याला सांदणं वाढली आणि त्याने ती खाल्ली. मग दुकानात येऊन मला सगळं सांगितलं, वर विचारलं, "मी खोटं बोललो का?" मी म्हटलं, तुला विचारलं होतं कोणी? तो म्हणाला, तिनेच विचारलं होतं, लाइन का तुटते म्हणून. यावर मी जास्तच भडकले आणि त्याला टेबल उचलायला सांगितलं. त्याने ते एसटी स्टँडसमोर मांडलं आणि तिथे त्याचं माझ्याकडच्यापेक्षा बरं चाललं.

चाची काही दिवस नबीलाशी बोलली नाही. नौमानला मात्र एका शब्दाने विचारलं नाही. शुक्रवार चालूच राहिले, फक्त आता ती राउटरला खेटून बसायची, हात मागच्या वायरवर. कुठली वायर काढली की बोलणं बंद पडतं ते सुहासच्या उचकाउचकीत तिने बघून ठेवलं होतं. नौमानची नजर जरा बाजूला वळली की ती वायर ओढायची. पोराने तोडण्याआधी आपण तोडलं, एवढंच काय ते समाधान. नबीलाने झेरॉक्स काढता काढता मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी हसलो. कसल्या हसलो, देव जाणे.

असे बरेच शुक्रवार गेले. एकदा नौमान आला तोच गप्प होता. दाढी वाढलेली. चाचीने विचारलं तेवढ्याला हो-नाही करत होता. मग त्याने मान बाजूला वळवली, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "अम्मी, तुला एक सांगायचं होतं."

तो पुढे बोलणार तोवर वायर निघाली होती. चाचीने मान वळलेली पाहिली आणि हात ओढला, तो काय म्हणाला ते तिच्या ध्यानात मागाहून आलं. नबीलाने झडप घालून वायर परत खोचली, पण राउटरचे दिवे आपल्या वेळेनेच लागतात. ते लागेपर्यंत नौमान निघून गेला होता. फोन लावला तर तो उचलेना.

पुढच्या शुक्रवारी चाची राउटरपासून लांब बसली. दोन्ही हात मांडीवर. तो दिसताच तिने विचारलं, तुला काय सांगायचं होतं. "काय नाय अम्मी, असंच," तो म्हणाला, आणि लगेच बंद केलं. त्यानंतर दर शुक्रवारी ती पहिल्यांदा तेच विचारायची. तिने विचारू नये म्हणून नबीलाने पाय धरले, पण तिच्याने राहवायचं नाही. तिने विचारलं की तो बंद करायचा.