कदमकाका आणि कापलेला फोटो

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाऊन आपल्या जवानांनी युद्धानंतर रस्ते बांधले, असं आपण छाती फुगवून सांगतो. पण त्या रस्त्यावर फावडं कोणाच्या हातात होतं, हे तुम्ही एकदा तरी विचारलंत का? मी विचारलं नव्हतं.

कदमकाका लष्करातले निवृत्त सुभेदार, मूळचे कोरेगावकडचे. इथे इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत लेकीकडे राहायचे, आमच्यापासून चार घरांवर. फिरायला निघाले की गटाराच्या प्रत्येक जाळीपाशी थांबायचे आणि तिच्यावरची पानं काठीनं उकरून काढायचे.

"काका, कौन्सिल करेल ना ते," मी म्हणायचे.

"कौन्सिल करंल सवडीनं. पाणी थांबतंय व्हय सवडीसाठी?"

कोणी नवा ड्राइव्हवे केला की शेजारी कौतुक करायचे. काकांचा प्रश्न ठरलेला: "पाणी कुठं जानार, ते आधी सांग."

हा प्रश्न मुळात त्यांचा नव्हता. दक्षिण सुदानमध्ये शांतिसेनेच्या तुकडीबरोबर ते अकरा महिने होते. लढाईत उखडलेला एक रस्ता त्यांनी पुन्हा बांधला आणि पावसाळा लागताच तो वाहून गेला. तेव्हा तिथल्याच मजुरांपैकी देंग नावाचा माणूस पुढे आला. त्यानं काठीनं चिखलात रेघ ओढली आणि विचारलं, पाणी कुठं जाणार?

"आमच्याकडं नकाशा हुता, मशिनी हुत्या. इचारायची अक्कल नव्हती," काका सांगायचे.

देंगनं दाखवलेल्या जागी रस्त्याखालून पाणी जायला मोऱ्या घातल्या आणि रस्ता टिकला. शेवटच्या मोरीची जागा दाखवायला तो कडेला उतरला, तेव्हा पुरलेल्या सुरुंगावर त्याचा पाय पडला आणि तो त्यातच गेला. इथवर आलं की काका काठी उचलून पुढच्या जाळीकडे निघायचे.

गेल्या वर्षी आमच्या मराठी मंडळानं काकांचा सत्कार ठरवला. पोस्टर मी केलं. काकांनी दिलेल्या एकुलत्या एक फोटोत ते रोलरवर बसलेले होते आणि कडेला फावडं घेऊन देंग उभा होता. मंडळाच्या अध्यक्षा नीलाताई म्हणाल्या, "अगं, तो साइडचा माणूस क्रॉप कर ना. फोकस काकांवर राहू दे." मी केला. जगभरच्या अन्यायावर पत्रकं वाटणाऱ्या मला त्यासाठी दोन क्लिक लागले.

सत्काराच्या दिवशी हॉलच्या दारातच काका पोस्टरसमोर थांबले.

"हितं एक मानूस हुता."

"काका, प्लीज, लोक येऊन बसलेत," नीलाताई म्हणाल्या. "ते आपण नंतर बघू ना."

"मंग मला बी नंतर बघा." आणि ते बाहेर जाऊन भिंतीशी उभे राहिले.

मला नीलाताईंचा संताप आला, मग स्वतःचा. तो अजून उतरलेला नाही. आपल्याला शूर माणूस हवा असतो, तो आपल्यातला हवा असतो आणि फोटोत एकटाच हवा असतो. ज्यांच्या गावातून रस्ता गेला, ज्यांचे पाय सुरुंगावर पडले, ते आपल्या अभिमानाच्या चौकटीत मावत नाहीत.

मी लॅपटॉप आणून अख्खा फोटो हॉलच्या पडद्यावर लावला आणि काकांना आत बोलावलं. खाली नावं लिहिताना विचारलं, "काका, देंगचं पूर्ण नाव काय?"

काका पडद्याजवळ गेले. "ते इचारलंच नाही गं पोरी. अकरा म्हैने नुसतं देंग, देंग केलं. बापाचं नाव बी नाही इचारलं. देंग म्हंजी त्यांच्यात पाऊस, एवढंच ठावं."

नीलाताईंनी पुढे केलेली शाल त्यांनी घडी घालून परत दिली. "तू कापलास एकदा," ते मला म्हणाले, "मी तर तिथंच कापला हुता."

काका या हिवाळ्यात गेले. फोटो त्यांच्या लेकीनं मला दिला. मागे त्यांच्या अक्षरात 'देंग' लिहिलंय आणि नावापुढे जागा मोकळी सोडली आहे. ती आता मला भरता येत नाही.

तुमच्या घरात कोणी सैन्यात असेल, परदेशात पूल-रस्ते बांधून आलं असेल, तर आज अल्बम काढा. कडेला उभ्या असलेल्या माणसावर बोट ठेवा, त्याचं पूर्ण नाव विचारा आणि फोटोच्या मागे लिहा. सांगणारा जिवंत आहे, तोवरच.