आधी घोट देणाऱ्याचा

बाभुळगाव तालुक्यात भागीरथाबाईच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. वाटणीची गोष्ट काढणाऱ्या सख्ख्या दिराला तिनं भर पंगतीतून उठवलं होतं. पण हीच बाई रविवारी सकाळी ओसरीवर बसून कावीळवाल्यांना फुकट औषध द्यायची. पाला कोणता, ते सासूनं मरताना कानात सांगितलेलं. रीतही सासूचीच: पैसा घ्यायचा नाही, आल्याला परत धाडायचं नाही, आणि पेला रोग्याच्या हाती देण्याआधी त्यातला एक घोट देणाऱ्यानं घ्यायचा. लोकांचा सारा भरवसा त्या घोटावर.

मग तिचेच डोळे पिवळे झाले. ती आपलाच पाला पीत राहिली, खाजेनं अंग ओरबाडत राहिली आणि डॉक्टरचं नाव काढणाऱ्यावर धावून जात राहिली. शेवटी सुरभीनं, तिच्या सुनेनं, तिला जवळजवळ ओढतच नागपूरला नेलं. पित्तनळीचा कॅन्सर निघाला, यकृतात पसरलेला. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. डॉक्टर स्पृहा म्हणाल्या, किमोसोबत शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारं नवं औषध देऊन बघायची चाचणी सुरू आहे. साध्या किमोपेक्षा जास्त गुण येतो का, ते बघायचंय. झाडपाला मात्र पूर्ण बंद.

"माह्यावर परयोग करता? मी का उंदीर हाये?" भागीरथाबाई कडाडली. सही मात्र तिनं केली. जगायची हाव तिला भांडणाइतकीच होती.

औषध लागू पडलं. स्कॅनमध्ये गाठ लहान दिसली. पण रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे भडकले. नवं औषधच यकृतावर उलटलं की काय, या धास्तीनं डॉक्टरांनी त्याच्या सुया थांबवल्या. "झाडपाला घेतला का?" असं विचारलं, तर भागीरथाबाईनं डोळ्याला डोळा भिडवून "नाही" म्हटलं. आणि आपल्या लेखी ती खोटं बोलत नव्हती, हीच तर गंमत.

घरी आल्यावर रविवारी सुरभी चहा घेऊन ओसरीवर गेली आणि दारातच थबकली. लग्न होऊन आल्यापासून पाहून पाहून सासूचा तो घोट तिला दिसायचाच बंद झाला होता. आज दिसला.

"आत्याबाई, हे काय करून राह्यल्या तुमी? डॉक्टरले नाही म्हनून सांगतलं ना?"

"मी कुठं औषध घेतलं? औषध तं मी या लोकायले देते. हा रितीचा घोट हाये."

"पोटात जाते ना तो!"

"मंग तुह्या पोटात कायले दुखते?" भागीरथाबाईनं चारचौघांत तिला आत हाकललं.

सुरभीनं डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. पुढच्या खेपेला डॉक्टर स्पृहांचा आवाज चढला. "यकृत नव्या औषधानं बिघडलं की तुमच्या पाल्यानं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ते औषध पुन्हा देण्याची जोखीम मी घेऊ शकत नाही. यापुढे नुसती साधी किमो." ज्या औषधानं गाठ आटली, ते बाईनं घोटाघोटानं घालवलं होतं. परतीच्या बसमध्ये तिनं सुरभीला घरभेदी म्हटलं आणि तोंड फिरवून बसली.

गावानं फक्त गाठ लहान झाल्याचं ऐकलं. कुणाच्या औषधानं, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. पुढच्या रविवारी रांग रस्त्यापर्यंत गेली. भागीरथाबाईनं कुणाला खरं सांगितलं नाही. तिला ते गोड लागलं.

रांगेत नेरहून आलेली मानीबाई होती. "डाक्टरनं नागपूरले बलावलं होतं मले," ती म्हणाली, "गेली नाही. तुमचंच औषध पायजे."

भागीरथाबाईनं पेला उचलला. मानीबाईचे डोळे पिवळे जर्द होते, आणि दोन्ही हात ओरबाडून ओरबाडून सोललेले. भागीरथाबाई त्या हातांकडे बघतच राहिली. आपलेही हात असेच सोलले होते, हे आठवून तिला भीती वाटली. तिनं पेला खाली ठेवला.

"तुले देत नाही. नागपूरले जाय, आत्ताच्या आत्ता."

"काहून?"

"मले ह्यानं गुन नाही आला. सुईनं आलता. अन् ह्याच्यापायीच ती सुई बंद झाली."

रांगेत कुजबुज झाली. मानीबाई रागानं उसळली. "सोता जगून घेतलं, अन् आमाले मरा म्हन्ते! पाप लागन तुले, बाई." तिनं झडप घालून पेला उचलला आणि भागीरथाबाईच्या डोळ्यांत बघत शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला.